जादूगारांच्या जुन्या संस्थेचे सभासद व्हावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्ते, नाणी आणि दोऱ्या घेऊन हौसेने प्रयोग करणारे मराठी वाचक एक शंका निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात: शंभर वर्षांहून जुन्या अशा जादूगारांच्या संस्थेत जाऊन नेमके काय मिळते? त्या पत्रांतले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः लंडनच्या ‘द मॅजिक सर्कल’ची आहेत, कारण तिच्या इतिहासात या व्यवहाराचे गुण आणि दोष दोन्ही ठळकपणे दिसतात. जेथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात तेथे उत्तराची पुनरावृत्ती न करता क्रमांक दिला आहे.

1. जादूगारांची संस्था म्हणजे नेमके काय? ती शाळा असते, क्लब असतो की कामगार संघटना?

या तिन्हींचा थोडाथोडा अंश तिच्यात असतो, परंतु ती पूर्णपणे यांपैकी एकही नसते. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन्का यांच्या जादूसाहित्याच्या दुकानामागच्या खोलीत 1902 साली ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ स्थापन झाली. 1905 साली लंडनच्या सोहो भागातील एका उपाहारगृहात 23 हौशी आणि व्यावसायिक जादूगार जमले आणि त्यांनी ‘द मॅजिक सर्कल’चा पाया घातला. डेव्हिड डेव्हंट तिचे पहिले अध्यक्ष झाले. ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स’ची सुरुवात 1922 साली कॅनडातील विनिपेग येथे झाली. नियमित बैठका, सभासदांपुरते मासिक, ग्रंथालय, स्पर्धा आणि रहस्य न फोडण्याचे वचन या गोष्टी तिघींमध्ये समान आहेत. नोकरी किंवा कार्यक्रम मिळवून देणे हे त्यांचे काम नाही.

2. सभासद झाल्यावर सगळ्या जादूंची रहस्ये कळतात का?

नाही. या अपेक्षेने गेलेला माणूस पहिल्याच महिन्यात निराश होतो. कोणीही तुमच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवत नाही. ग्रंथालय खुले होते, पण त्यातील पुस्तके वाचून हात तयार करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि एखाद्या सभासदाचा स्वतःचा प्रयोग हा त्याचाच राहतो. तो दाखवील तेवढेच आपण पाहायचे असते. खरे सांगायचे तर बहुसंख्य रहस्ये कळल्यावर मन खट्टू होते, इतकी ती साधी असतात.

3. आता घरबसल्या मोबाइलवर सगळे शिकता येते. मग वर्गणी भरून तिथे काय मिळते?

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी पत्रे याच प्रश्नाची असतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

जादूगाराची अडचण गायकापेक्षा वेगळी असते. गायकाची तान चांगली लागली की ती श्रोत्याला ऐकू येते. जादूगाराचे कौशल्य जितके सरस, तितके ते प्रेक्षकाला दिसत नाही. किंबहुना ते दिसले तर प्रयोग फसला असे समजतात. म्हणजे ज्या कामावर त्याने दोन वर्षे घालवली, त्या कामाची पारख त्याचा प्रेक्षक करूच शकत नाही. प्रेक्षक फक्त थक्क होतो किंवा होत नाही. घरातली माणसे तर दोन्ही वेळा टाळ्या वाजवतात.

हे न दिसणारे काम पाहू शकणारा माणूस म्हणजे दुसरा जादूगार. माझ्यापुरते सांगतो: नाणे तळहातात लपवण्याचा प्रयोग मी अनेक वर्षे लग्नामुंजींत केला आणि वाहवा मिळवली. एका ज्येष्ठ जादूगाराने तो एकदाच पाहिला आणि शांतपणे सांगितले की नाणे लपवताना माझे बोलणे क्षणभर थांबते. प्रेक्षकांना नाणे कधीच दिसले नव्हते, पण ‘आत्ता काहीतरी झाले’ हे त्या थांबण्यातून त्यांना कळत होते. चित्रफीत पाहून शिकताना ही चूक मला कोणी दाखवली नसती, कारण चित्रफीत आपल्याकडे पाहत नाही.

उलट दिशेनेही हेच खरे आहे. कोणी तीन वेळा प्रयोग दाखवला तर आपण त्याचे रहस्य सांगू, असे प्रसिद्ध अमेरिकी जादूगार हॅरी हूडिनी अभिमानाने म्हणत असत. 1922 साली शिकागो येथे डाय व्हर्नन नावाच्या तरुणाने त्यांना एका पत्त्यावर आद्याक्षरे लिहायला लावली, तो पत्ता कॅटमध्ये वरून दुसरा ठेवला आणि वरचा पत्ता उलटून दाखवला, तर तोच पत्ता पुन्हा वर आलेला. तीनहून अधिक वेळा पाहूनही हूडिनींना उलगडा झाला नाही. सामान्य प्रेक्षकाला यात एक पत्त्यांचा खेळ दिसला असता. तेथे जमलेल्या जाणकारांना मात्र कळले की कोणाचे हात कोणत्या पातळीवर आहेत. व्हर्नन यांची कीर्ती त्या जाणकारांनी पसरवली.

4. प्रवेश कसा मिळतो? परीक्षा खरोखरच असते का?

असते. द मॅजिक सर्कलमध्ये वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला अर्ज करता येतो. आधी मुलाखत होते आणि मग परीक्षकांसमोर प्रयोग सादर करावे लागतात, किंवा त्याऐवजी जादूविषयक एखाद्या विषयावर प्रबंध सादर करता येतो. लहान मुलांसाठी वेगळी शाखा आहे. पुढे श्रेणी चढत जातात, आणि ‘इनर मॅजिक सर्कल’ या सर्वोच्च वर्तुळातील सभासदांची संख्या 300 पर्यंतच मर्यादित ठेवलेली आहे. ब्रिटनचे आजचे राजे चार्ल्स यांनी युवराज असताना 1975 साली वाट्या आणि गोळ्यांचा खेळ करून ही चाचणी दिली होती. आपल्याकडे रस्त्यावरचे जादूगार पिढ्यानपिढ्या करत आलेला हाच खेळ आहे.

5. मी बँकेत नोकरी करतो आणि जादू फक्त छंद म्हणून करतो. मला तिथे कोणी विचारील का?

विचारतील. स्थापनेच्या दिवसापासून हौशी मंडळी त्यात आहेत (प्रश्न 1 पाहा), आणि प्रबंधाची वाट (प्रश्न 4) तर ज्यांना रंगमंचावर उभे राहायचेच नाही त्यांच्यासाठीही खुली आहे. माझे निरीक्षण असे की हौशी माणसांकडे एकाच चालीवर महिनोन्‌महिने घालवण्याची सवड असते. व्यावसायिकाला मात्र शनिवारचा कार्यक्रम उरकायचा असतो.

6. संस्थेचे वचन मोडले तर काय होते?

सभासदत्व जाते, त्यापलीकडे कोणतीही शिक्षा नाही. द मॅजिक सर्कलच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा आशय ‘गुप्त गोष्ट बोलून न दाखवणारा’ असा आहे, आणि त्याचा फटका थेट पहिल्या अध्यक्षांना बसला. डेव्हंट हे त्या काळातील इंग्लंडमधील सर्वांत मोठे जादूगार. आजारपणामुळे त्यांना रंगमंच सोडावा लागला होता. 1936 साली त्यांनी आपल्याच प्रयोगांची रहस्ये एका लोकप्रिय मासिकातून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी स्थापनेपासून वाढवलेल्या संस्थेने त्यांना काढून टाकले. पुढे त्यांना सन्माननीय आजीव सभासद म्हणून परत घेण्यात आले. 1990च्या दशकात तीन पत्त्यांच्या फसवणुकीचे (उलटे ठेवून फिरवलेल्या तीन पत्त्यांतून एक ओळखायला लावून पैसे लावून घेण्याच्या खेळाचे) रहस्य दूरचित्रवाणीवर सांगितल्याबद्दल आणखी एका सभासदाला बाहेर जावे लागले. ही फसवणूक जत्रांमध्ये लोकांचे खिसे रिकामे करते, तेव्हा ती उघड करण्यात गैर काय, असा वाद तेव्हा झाला आणि मला तो रास्त वाटतो. त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आणि प्रश्न 12 मध्ये मिळून येते.

7. जादूची पुस्तके तर दुकानात विकत मिळतात. पुस्तकात रहस्य छापलेले चालते, मग दूरचित्रवाणीवर का नाही?

जादूगारांच्या जगात रूढ असलेला फरक असा आहे: पुस्तक विकत घेणारा माणूस शोधत आलेला असतो, त्याने पैसे आणि वेळ दिलेला असतो आणि बहुधा त्याला शिकायचे असते. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माणसाने काही मागितलेले नसते. त्याच्या आनंदातून एक गोष्ट कायमची काढून घेतली जाते. हा फरक तर्काच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही, हे मान्य करायला हवे. डेव्हंट यांनी 1911 साली नेव्हिल मॅस्केलिन यांच्यासह लिहिलेला जादूच्या सिद्धान्तावरील ग्रंथ आजही आदराने वाचला जातो, आणि मासिकातील लेखांनी मात्र त्यांचे सभासदत्व घालवले. रेषा कोठे आखायची हे प्रत्येक पिढीने थोडे निराळे ठरवले आहे. मोबाइलवरच्या चित्रफिती या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभ्या आहेत, कारण तेथे शोधणाराही येतो आणि सहज बोट लागलेलाही.

8. मी स्वतः तयार केलेला प्रयोग दुसऱ्याने उचलला, तर संस्था मदत करते की न्यायालयात जावे लागते?

येथे कायदा तोकडा पडतो, आणि म्हणूनच समाजाचे महत्त्व वाढते. माणसाचे दोन तुकडे करण्याचा प्रयोग घ्या. पी. टी. सेल्बिट यांनी तो जानेवारी 1921 मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क येथे प्रेक्षकांसमोर केला. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिन यांनी आपली आवृत्ती आणली आणि 1923 साली तिचे पेटंट मिळवले. पेटंट घ्यायचे तर यंत्राची रचना सरकारदरबारी लिहून द्यावी लागते आणि ती कोणालाही वाचता येते. 1933 साली एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातीत हे रहस्य छापले. गोल्डिन न्यायालयात गेले आणि 1938 साली हरले. ज्या दप्तराने रक्षण करायचे त्यानेच घरफोडी केली, असा हा प्रकार होता.

सादरीकरणाची गोष्ट वेगळी आहे. टेलर या अमेरिकी जादूगाराने गुलाबाची सावली कापली की खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळतात असा आपला प्रयोग 1983 साली मूकनाट्य म्हणून नोंदवला होता. एका युरोपीय जादूगाराने तशीच चित्रफीत प्रसिद्ध करून रहस्य विकायला काढले, तेव्हा 2014 साली नेव्हाडातील न्यायालयाने टेलर यांच्या बाजूने निर्णय दिला. संरक्षण मिळाले ते नाट्याला. युक्तीला स्वतंत्रपणे मिळाले नाही.

उरलेली सगळी जागा जादूगारांची आपसातील लाज भरून काढते. कोणती कल्पना कोणी प्रथम मांडली याची नोंद जुन्या संस्थांच्या मासिकांत असते; द मॅजिक सर्कलचे मासिक 1906 पासून निघते आहे. ‘ही चाल अमक्याची’ असे बैठकीत चारचौघांसमोर सांगितले गेले की उचलेगिरी करणाऱ्याला मान खाली घालावी लागते. त्यामुळे नवा प्रयोग बसला की तो तारखेसह लिहून मासिकाकडे पाठवावा, किंवा निदान दोन ज्येष्ठांना दाखवून ठेवावा.

9. या संस्था पुरुषांच्याच असतात का?

बराच काळ द मॅजिक सर्कल तशीच होती. स्त्रियांना तेथे 1991 पर्यंत प्रवेश नव्हता. त्या सुमारास जेनी विन्स्टनली या जादूगार स्त्रीने सोफी लॉइड या अभिनेत्रीला ‘रेमंड लॉइड’ नावाचा तरुण बनवून परीक्षेला पाठवले. हात पाहून संशय येऊ नये म्हणून तिने हातमोजे घालून हातचलाखी केली, आणि ते किती कठीण आहे हे एकदा करून पाहावे. ती उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी संस्थेने स्त्रियांसाठी दार उघडले, सोफीने आपली ओळख सांगितली आणि फसवणूक केल्याबद्दल तिला काढून टाकण्यात आले. फसवण्याची परीक्षा घेणाऱ्यांनी इतक्या उत्तम फसवणुकीला ही बिदागी दिली! 2025 साली संस्थेने तिला सन्मानाने परत घेतले. विन्स्टनली मात्र ते पाहायला हयात नव्हत्या. जुनेपणाबरोबर जुने हट्टही येतात, हे सभासद होणाऱ्याने गृहीत धरावे.

10. आपल्याकडे जादू घराण्यात चालते. पुण्यात जादूगार रघुवीर यांच्या तीन पिढ्या झाल्या. मग संस्थेची गरज काय?

घराणे आणि संस्था या दोन्हींची देणगी वेगळी आहे. पुण्यातील रघुवीर, विजय रघुवीर आणि जितेंद्र रघुवीर किंवा बंगालमधील सरकार घराणे यांच्याकडे मुलाला लहानपणापासून विंगेतून प्रयोग पाहायला मिळतो, साहित्य सांभाळायला मिळते आणि एक संपूर्ण कार्यक्रम कसा उभा राहतो ते अंगी मुरते. हे कोणत्याही बैठकीत शिकवता येत नाही. मात्र घराण्यात प्रवेश जन्माने किंवा फार जवळच्या शिष्यत्वाने मिळतो, आणि तेथील विद्या तेथेच राहते. ज्याच्या घरी कोणी जादूगार नाही, त्याच्यासाठी संस्था हे चुलत्या-मामांनी भरलेले घर ठरते. संगीतातही घराण्याचा गवई इतर घराण्यांच्या गवयांसमोर गायला की त्याचा कस लागतो, तसेच येथेही आहे.

अडीअडचणीचा मुद्दाही आहे. रामो सामी हे भारतीय कलावंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये हातचलाखी, गोळ्यांची झेलाझेल आणि तलवार गिळण्याचे प्रयोग करून नामांकित झाले होते. 1850 साली ते वारले, तेव्हा अंत्यविधीसाठीही घरात पैसे नव्हते आणि पत्नीला लोकांकडे मदत मागावी लागली. त्यांच्यामागे उभी राहील अशी संस्था तेव्हा नव्हती. पुढे 1917 साली सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सने न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये, युद्धात बुडालेल्या जहाजावरील मृतांच्या कुटुंबीयांसाठी कार्यक्रम केला. त्यात वृद्ध अमेरिकी जादूगार हॅरी केलर यांनी आपला अखेरचा प्रयोग केला आणि हूडिनींच्या आग्रहावरून त्यांना पालखीसारख्या खुर्चीत बसवून मिरवत नेले. म्हातारपणी असा निरोप एकट्या माणसाच्या नशिबी येत नाही.

11. दोरीच्या जादूवरून याच संस्थेने भारतीयांची खिल्ली उडवली होती ना? मग आपण तिचे कौतुक का करावे?

आक्षेपात तथ्य आहे, पण प्रकरण समजून घ्यावे. हवेत ताठ उभ्या राहणाऱ्या दोरीवर मुलगा चढतो आणि नाहीसा होतो, ही कथा 1890 साली ‘शिकागो ट्रिब्यून’मधील एका लेखामुळे जगभर गाजली, तो लेख बनावट होता असे त्याच वृत्तपत्राने काही महिन्यांत कबूल केले, पण कबुली कोणी वाचली नाही. 1934 साली लंडनमध्ये मद्रासचे माजी गव्हर्नर लॉर्ड अ‍ॅम्पथिल यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि मॅजिक सर्कलच्या गूढविद्या समितीने हा प्रयोग करून दाखवणाऱ्यास 500 गिनींचे बक्षीस जाहीर केले. ते कोणालाही मिळाले नाही. म्हणजे भारतीय जादूगारांनी न केलेला दावा पाश्चात्त्य वृत्तपत्राने केला आणि तो सिद्ध न झाल्याचा कमीपणा आपल्या कलावंतांच्या माथी आला. समितीने अफवा तपासली हे योग्यच. पण ज्यांच्या नावावर ती खपली, त्यांचे खरे कसब काय आहे याची चौकशी त्या सभेने केली असती तर अधिक बरे झाले असते.

12. मी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करतो आणि बुवांचे चमत्कार लोकांना समजावून सांगतो. मी सभासद झालो तर वचनभंग होईल का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण हातातून अंगारा काढणारा बुवा आणि हातातून नाणे काढणारा जादूगार यांची बोटे पुष्कळदा एकाच पद्धतीने चालतात.

परंपरा मात्र कार्यकर्त्याच्या बाजूची आहे. हूडिनी 1917 पासून 1926 साली मृत्यू येईपर्यंत सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सचे अध्यक्ष होते, आणि त्याच काळात ते मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमांची बिंगे फोडत होते. 1924 साली बॉस्टनमधील एका प्रसिद्ध माध्यम स्त्रीच्या युक्त्या त्यांनी पुस्तिकेतून उघड केल्या. प्रश्न 11 मधील गूढविद्या समिती 1914 सालापासून अशाच दाव्यांची तपासणी करत होती. यामागचा विचार सरळ आहे: आपण फसवणार आहोत हे जादूगार आधी सांगतो, बुवा सांगत नाही. महाराष्ट्रातील 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही तथाकथित चमत्कारांच्या नावाने पैसे मिळवणाऱ्यांवर आणि लोकांना फसवणाऱ्यांवर आहे.

व्यवहारात दोन पथ्ये पाळावीत. बुवा जी युक्ती वापरतो तेवढीच उघड करावी, तिच्या निमित्ताने शेजारच्या चार रंगमंचीय प्रयोगांची उकल करू नये. आणि एखादी युक्ती हयात जादूगाराच्या कार्यक्रमाचा कणा असेल तर समजावण्याऐवजी ‘हे मीही करू शकतो’ एवढे करून दाखवावे. बहुतेक गावांत तेवढ्याने काम भागते.

13. जिवावर बेतणारे प्रयोग करण्याआधी संस्थेचा सल्ला घ्यावा का?

अवश्य घ्यावा, आणि तो मानावा. मार्च 1918 मध्ये लंडनच्या वुड ग्रीन येथे चुंग लिंग सू या नावाने चिनी वेषात वावरणाऱ्या अमेरिकी जादूगाराला बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात खरी गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर हूडिनी हाच प्रयोग करण्याच्या विचारात आहेत हे कळताच केलर यांनी त्यांना कळवळून पत्र लिहिले की काहीही कर, पण यात पडू नकोस. हूडिनींनी तो प्रयोग केला नाही. कोणाचेही न ऐकणाऱ्या माणसाने ऐकले, कारण सांगणारा धंद्यातला वडीलधारा होता.

14. सभासद वारल्यावर त्याच्या साहित्याचे आणि वह्यांचे काय होते?

सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सने 1926 साली हूडिनींच्या अंत्यविधीच्या वेळी प्रथमच जादूची कांडी मोडण्याचा विधी केला, आणि तेव्हापासून अनेक ठिकाणी दिवंगत जादूगारासाठी तो केला जातो. साहित्याची गोष्ट कमी भावपूर्ण आणि अधिक तातडीची आहे. घरच्यांना त्या पेट्या म्हणजे अडगळ वाटते. दुहेरी तळाचा डबा रद्दीवाल्याकडे जातो आणि वह्या त्याच्यामागून जातात. म्हणून हयातीतच एक यादी करावी: कोणती वस्तू विकत घेतलेली, कोणती स्वतः बनवलेली, कोणती कोणाकडून उसनी आणलेली, आणि वह्या कोणत्या संस्थेच्या ग्रंथालयाकडे किंवा कोणत्या शिष्याकडे द्यायच्या. ही यादी पेटीत ठेवू नये, कारण पेटी कशी उघडायची हे घरच्यांना ठाऊक नसते.